भेटायला जाताना शहाळं नको

गावात कुणाला किडनीचा आजार निघाला की आपण भेटायला जातो, आणि हातात हमखास शहाळं असतं. नेतो प्रेमानंच. पण किडनी थकलेल्या माणसाला, विशेषतः डायलिसिसवरच्या माणसाला, हेच शहाळं जिवावर बेतू शकतं. त्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकते. थकलेल्या किडनीला ते जमत नाही, मग ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. केळी, मोसंबीचंही तेच. एखादं सफरचंद न्या. नाहीतर रिकाम्या हातानं जा आणि तासभर त्या माणसाजवळ बसा, तेवढ्यात घरची बाई दळण तरी आणेल.

आता पाण्याचं. किडनीचा आजार म्हटलं की कुणी म्हणतं भरपूर पाणी पाजा, कुणी म्हणतं बंद करा. दोन्ही ऐकू नका. माप डॉक्टर ठरवतात, आणि ते प्रत्येकाचं वेगळं असतं. डायलिसिस आठवड्यातून दोनदा-तीनदा, चारेक तास चालतं. लघवी कमी झालेल्या माणसाच्या अंगात मधल्या दिवसांत प्यायलेलं पाणी साचत जातं. एक लिटर साचलं की वजन एक किलोनं वाढतं, म्हणून रोज सकाळी वजन करून वहीत लिहायचं. पायाला सूज येते, आडवं झालं की दम लागतो. असा दम लागला तर पुढच्या पाळीची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा.

आमच्या गटातल्या बायकांनी एक सोपी रीत बसवली आहे. ठरवून दिलेलं पाणी सकाळीच एका बाटलीत भरायचं. चहा, ताक, आमटी जेवढी दिली, तेवढं पाणी त्या बाटलीतून काढून टाकायचं. उरलेलं लहान कपानं प्यायचं. बाटली समोर असली की माणूस स्वतःच मोजतो, बायकोला पहारेकरी व्हावं लागत नाही. नवरा-बायकोची निम्मी भांडणं या पाण्यावरूनच होतात, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको.

आणि तहान वाढवतं ते मीठ. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, फरसाण बंद केलं की पाण्याची मागणी आपोआप उतरते. सैंधव चालतं असं सांगणारे भेटतील. सैंधव हेही मीठच. दुकानातल्या ‘कमी सोडियम’च्या मिठात बहुधा पोटॅशियम घातलेलं असतं, ते तर नकोच. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. आपल्याला भाजीचं पाणी टाकायचं जिवावर येतं, पण पोटॅशियम त्यातच उतरलेलं असतं. चवीला लिंबाचे चार थेंब, जिरं, लसूण.

डायलिसिससाठी हातात फिस्टुला केला असेल तर त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा, सलाईन, घट्ट बांगडी-घड्याळ काही नको. त्यावर बोटं ठेवली की थरथर लागते. रोज तपासा, लागली नाही तर त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला कळवा. दुखतं म्हणून मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक गोळी आणू नका. उरलीसुरली किडनीही त्यानं बिघडते.

खर्चाला घाबरून पाळी चुकवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

राहिली घरची बाई. आठवड्याचे दोन-तीन दिवस तिचे तालुक्याच्या वाऱ्यांत जातात, मजुरी बुडते, बैठकही बुडते. तिला दंड लावण्याआधी गटानं बैठकीचा वार बदलावा. आम्ही बदलला. तिची शेरडं, शाळेतून येणारी पोरं पाळीच्या दिवशी कुणी बघायची, हेही त्याच बैठकीत वाटून घेतलं.