फ्यूज कोणाचे रक्षण करतो?

बेळगावच्या उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रशाळा आणि शहापूर-वडगावचे यंत्रमाग यांवर कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. आमच्या शाळेतून बाहेर पडणारे पुष्कळ विद्यार्थी पुढे तेथेच कामास लागतात. अशा कारखान्यात विजेच्या धोक्याविषयी विचारले, तर भिंतीवरील पेटीकडे बोट दाखवून "फ्यूज आहे ना, मग भय कसले?" असे उत्तर मिळते. हा समज जितका सार्वत्रिक तितकाच घातक आहे.

फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला की ती तापून वितळते व मंडल तुटते. भिंतीतील तारा जळू नयेत, आग लागू नये, एवढेच तिचे काम. माणसाचे रक्षण हे तिचे काम नव्हे. हे आकड्यांनीच पाहू. समजा, एका मोटारीच्या आतील तारेचे वेष्टन झिजले आणि फेजची तार लोखंडी सांगाड्याला टेकली. मोटार चालूच आहे, बाहेरून काही दिसत नाही. पण सांगाड्यावर 230 व्होल्टचा दाब आला आहे. घामाने हात ओले झालेला, अनवाणी कामगार तिला स्पर्श करतो. त्याच्या शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर ओहमच्या नियमाप्रमाणे 0.23 अँपिअर प्रवाह त्याच्या देहातून जमिनीत जाईल. फ्यूज आहे 5 अँपिअरचा. साठ वॅटचा जुना दिवा याहून थोडा अधिकच प्रवाह घेतो. तेव्हा फ्यूजच्या लेखी कारखान्यात एक दिवा लागला, इतकेच!

देहाचे मान मात्र फार नाजूक आहे. सुमारे 10 मिलिअँपिअरला स्नायू आखडतात व हातातील वस्तू सोडवत नाही. 30 च्या आसपास श्वास कोंडू लागतो. 50 ते 100 मिलिअँपिअर प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. येथे तर 230 मिलिअँपिअर आहेत. वीज माणसाला धरून ठेवते असे म्हणतात. वास्तविक वीज धरीत नाही, आपलीच मूठ आवळली जाते.

मग रक्षण कशात आहे? प्रथम अर्थिंगमध्ये. यंत्राच्या सांगाड्याला जाड तार जोडून ती जमिनीत पुरलेल्या नळीला किंवा पत्र्याला मिळवितात. सांगाड्यापासून जमिनीतून परत रोहित्रापर्यंतच्या सबंध वाटेचा रोध 5 ओहम असेल, तर वरील दोष उद्भवताच 46 अँपिअर प्रवाह वाहील आणि फ्यूज क्षणात वितळेल. म्हणजे फ्यूजला जागे करते ती अर्थची तार. पण तोच रोध 50 ओहम झाला तर? प्रवाह अवघा 4.6 अँपिअर! फ्यूज शांत, मोटार चालू, आणि सांगाडा विजेने भारलेला. विजेचे बिल तेवढे वाढत राहते. रोध असा वाढण्यास फारसे काही लागत नाही. खड्ड्यात नळीभोवती कोळसा व मीठ घालतात ते ओल टिकावी म्हणून. चैत्र-वैशाखात खड्डा कोरडा पडला की रोध चढू लागतो. त्यात चार घागरी पाणी ओतणे हे काम कारखान्यात बहुधा कोणाचेच नसते. कोठे पाण्याच्या नळाला तार गुंडाळून अर्थिंग झाले असे मानतात. पुढे तो नळ प्लॅस्टिकचा होतो आणि तार तेवढी शोभेला उरते. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात तांब्याची जाड तार घालणारे तर चांगल्या अर्थिंगचाही उपयोग नाहीसा करतात.

हे सारे ध्यानात घेतले, म्हणजे नियमांतील कलमे निरीक्षकाची लहर वाटत नाहीत. भारतीय विद्युत् नियम, 1956 यांत, 250 व्होल्टहून अधिक दाबावर चालणाऱ्या स्थिर मोटारीचा सांगाडा दोन स्वतंत्र तारांनी जमिनीशी जोडावा असे सांगितले होते. एक तार गंजून तुटली तरी दुसरी असावी, हा त्यातील हेतू. जमिनीशी जोडलेल्या न्यूट्रल तारेत फ्यूज घालू नये, असेही एक कलम होते. तो फ्यूज वितळला तर यंत्र बंद पडते, पण त्याच्या आतील तारांत वीज तशीच राहते, आणि बंद यंत्र पाहून माणूस निर्धास्तपणे हात घालतो. 2003 च्या विद्युत् कायद्यानंतर केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने 2010 साली व पुन्हा 2023 साली सुरक्षेचे नवे विनियम केले.

अर्थिंगच्या जोडीला आता एक नवे साधन मिळते. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. गेला तितकाच प्रवाह परत आला, तर कडे स्वस्थ राहते. 30 मिलिअँपिअरची तूट पडली, म्हणजे तितका प्रवाह अन्य वाटेने जमिनीत गेला, की खटका आपोआप पडतो. आपल्या उदाहरणातील 230 मिलिअँपिअरला तो सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडावयास हवा. मात्र एका हातात फेज व दुसऱ्या हातात न्यूट्रल धरणाऱ्यास हे साधनही वाचवू शकत नाही; तूटच पडत नाही, तर ते बिचारे काय करणार? त्यावर चाचणीचे लहानसे बटण असते. ते दाबून खटका पडतो की नाही हे महिन्याकाठी पाहावे.

1956 च्या नियमांत आणखी एक अट होती व ती 2010 च्या विनियमांतही आली: विजेचा धक्का बसलेल्यास शुद्धीवर कसे आणावे याचा फलक कारखान्यात दर्शनी जागी, इंग्रजी किंवा हिंदीबरोबर जिल्ह्याच्या भाषेतही लावावा. शेजारी कामगारांना वाचता येईल अशा भाषेत आणखी एक कागद लावण्यास कोणाची मनाई नाही. सीमाभागात तो मराठीतही असावा, असे मला वाटते. जुन्या फलकांवर पालथे निजवून पाठीवर दाब देण्याची कृती असे. ती आता मागे पडली आहे. आज सांगतात ते असे: त्या माणसाला हात न लावता प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या भूमीवर किंवा फळीवर उभे राहून, कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. परंतु उच्च दाबाच्या तारेजवळ लाकूड घेऊनही जाऊ नये. कोणास तरी 112 वर कळविण्यास सांगावे. श्वास चालत नसेल, तर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटास 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब द्यावा, आणि मदत येईपर्यंत थांबू नये.