रक्तवाहिनीची उघाडी

श्रोतेहो, आमच्या खारेपाटणकडे खाडीकांठीं शेती करावयाची तर प्रथम बांध घालावा लागतो. त्या बांधांत पावसाचें पाणी बाहेर सोडण्यासाठीं एक दार ठेवितात. त्यास उघाडी म्हणतात. उघाडीवांचून शेत बुडतें. परंतु तिची झडप नीट बसली नाहीं, तर भरतीचें खारें पाणी त्याच वाटेनें आंत शिरतें आणि वर्षाचें पीक जातें. आज मी ज्या नळीविषयीं बोलणार आहें, ती अशीच एक उघाडी आहे.

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागांत अत्यवस्थ रोग्याच्या मानेंतून अथवा गळ्याच्या हाडाखालून एक बारीक नळी मोठ्या शिरेंत घालतात व तिचें टोक हृदयाजवळ नेऊन ठेवितात. रक्तदाब सांवरणारीं तीव्र औषधें हातावरील लहान शिरांस फार वेळ सोसत नाहींत. तीं या मार्गानें देतां येतात. या नळीमुळें प्राण वांचतात, याविषयीं शंका नाहीं.

मग अपाय कोठून होतो? त्वचा हा शरीराचा बांध. तिच्यावर जंतु नेहमींच असतात, आणि बाहेर असेपर्यंत बहुधा निरुपद्रवी असतात. नळी त्या बांधास भोंक पाडते. कांहीं जंतु नळीच्या कडेनें आंत उतरतात. कांहीं न धुतलेल्या हातांनीं नळीच्या तोंडाशीं येऊन पोंचतात. नळीवर ते स्वतःभोवतीं एक चिकट थर निर्माण करितात. त्या थरांत औषधाचा प्रभाव पुरता पडत नाहीं; म्हणून पुष्कळदां नळीच काढावी लागते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या पुढाकारानें देशांतील इस्पितळांत याची मोजदाद होत आली आहे. एक रोगी एक दिवस नळीसह राहिला, तर तो एक नळी-दिवस धरावयाचा. २०१७ ते २०२४ या काळांत २०० अतिदक्षता विभागांतून आलेला हिशेब असा कीं, दर १००० नळी-दिवसांमागें सुमारें ९ वेळां रक्तांत जंतु शिरले.

हें अटळ आहे काय? नाहीं. अमेरिकेंतील डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट व त्यांचे सहकारी यांनीं मिशिगन राज्यांतील शंभरावर अतिदक्षता विभागांत पांच साध्या गोष्टींचा आग्रह धरिला. हात धुवावे, नळी घालतांना टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे घालून रोग्यास पूर्ण झांकावें, त्वचा क्लोरहेक्सिडिननें पुसावी, जांघेंतील शीर शक्य तों टाळावी, आणि गरज संपतांच नळी काढावी. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणें दीड वर्षांत तेथील सरासरी प्रमाण ७.७ वरून १.४ वर आलें. नवें औषध नाहीं, नवें यंत्र नाहीं, केवळ शिस्त.

यांतील पांचवी गोष्ट मला फार उशिरां कळली. माझा धाकटा भाऊ फुप्फुसाच्या दाहानें एका मोठ्या शहरांतील इस्पितळांत होता. सहाव्या दिवशीं तो उठून बसला, चार घोट पेज प्याला. मानेंतील नळी मात्र तशीच राहिली. ‘असूं द्या, लागली तर बरी’, असें सर्वांस वाटलें, मलाही वाटलें. नवव्या दिवशीं त्यास हुडहुडी भरून ताप आला, रक्तदाब उतरला, आणि पुढच्या आठवड्यांत तो गेला. रक्ताच्या तपासणींत नळीचाच दोष निघाला. शुश्रूषेंत कोणी कसूर केली असें मी म्हणत नाहीं. एक प्रश्न तेवढा कोणी विचारला नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, आपलें माणूस अशा विभागांत असेल, तर भेटीस जातांना हात स्वच्छ धुवावे, नळीस व तिच्या पट्टीस स्पर्श करूं नये. पट्टी सुटलेली वा ओली दिसल्यास परिचारिकेस तत्काळ सांगावें. आणि रोज सकाळीं नम्रपणें विचारावें, ‘डॉक्टरसाहेब, ही नळी आज हवीच आहे काय?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. आमच्याकडे भरतीपूर्वीं उघाडी पाहून येणाऱ्या शेतकऱ्यास कोणी संशयी म्हणत नाहीं.