कुंपणातील अडुळसा व कण्हेर

राहुरी तालुक्यात मुळा धरणाच्या कालव्यालगतच्या वस्त्यांवर अडुळसा व कण्हेर ही शोभेची झुडपे अनेकदा एकाच कुंपणात आढळतात. दोहोंनाही शेळ्या तोंड लावीत नाहीत, म्हणून शेतकरी ती पसंत करतात. तथापि यांतील एक औषध आहे, तर दुसरे जीवघेणे विष. हा भेद घरातील प्रत्येकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अडुळशाची पाने मोठी, मऊ, टोकदार व समोरासमोर जोडीने येतात. फुले पांढरी, दोन ओठांच्या आकाराची असून त्यांवर जांभळट रेषा असतात. कण्हेरीची पाने अरुंद, जाड व चिवट असून बहुधा एका पेरावर तीन-तीन असतात. तिची फुले गुलाबी, तांबडी वा पांढरी असतात. फुले नसताना केवळ पानांवरून ओळख पटवावी लागते, हे ध्यानात ठेवावे.

अडुळशाचा रस सहजी निघत नाही. म्हणून पाने वाफवून पिळतात व तो रस मधाबरोबर खोकल्यावर देतात. पानांत वासिसिन नावाचे द्रव्य असते. त्याच्याच धर्तीवर कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे आधुनिक औषध तयार झाले. जपानातही दारापुढे नांतेन हे झुडूप शोभेसाठी लावतात आणि त्याची वाळलेली तांबडी फळे खोकल्यावर वापरतात. त्या झुडपातही विषारी द्रव्ये आहेतच. तात्पर्य, घरगुती औषधाला मात्रेची मर्यादा असते. अडुळशाची मात्रा वैद्याकडून ठरवून घ्यावी. गर्भवती स्त्रीस तो देऊ नये. एक वर्षाखालील मुलास मध चाटवू नये.

खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास काढ्यावर विसंबणे घातक होय. तो क्षयरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते. ती विनाविलंब करून घ्यावी.

कण्हेरीचे सर्व भाग विषारी असून ते हृदयावर परिणाम करतात. पाने वाळली तरी विष जात नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या गव्हाणीजवळ वा कडब्याच्या गंजीशेजारी टाकू नयेत. त्या खोल पुरून टाकाव्यात. चुलीत जाळू नयेत. माणसाच्या वा जनावराच्या पोटात पान गेल्याची शंका येताच घरगुती उपाय करीत न बसता, झुडपाची फांदी सोबत घेऊन डॉक्टरांकडे अथवा पशुवैद्यकांकडे जावे.

नवीन कुंपणासाठी अडुळसाच निवडावा. पावसाळ्याच्या आरंभी तीन-चार डोळ्यांची छाट कलमे सुमारे 30 सेंटिमीटर अंतरावर लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील सभेस दोन्ही झुडपांची एकेक फांदी न्यावी, ती शेजारी-शेजारी ठेवून ओळख करून द्यावी व नंतर सर्वांनी हात धुवावेत.