शेजारचे घर विकायला निघते तेव्हा

ठाकुर्लीतल्या जुन्या चार मजली इमारतींमधून आता पहिली पिढी निघू लागली आहे. कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले, कुणी बँकेतून. मुले पुण्याला किंवा बंगळुरूला, इमारतीला लिफ्ट नाही आणि गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नाही. मग एक दिवस जिन्यात एजंट दिसायला लागतो. (ठाकुर्लीला फास्ट लोकल थांबत नाही, एजंट मात्र सगळे थांबतात.) अशा वेळी लागून असलेल्या घरात एकच विचार येतो : आपणच घेऊन टाकू. मधली भिंत पाडली की वन बीएचकेचे प्रशस्त घर होईल, दुसरीकडे जायला नको, मुलांची शाळा तीच, स्टेशन तेच.

आमच्या मजल्यावर हे यंदा रमजान महिन्यात घडले. समोरचे काका मुलाकडे पुण्याला निघाले आणि एजंटला सांगण्याआधी त्यांनी आम्हाला विचारले. "आधी तुम्ही. तुम्ही नाही म्हणालात तर बाहेर," एवढेच म्हणाले. त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघराची भिंत एक आहे. आम्ही पाच माणसे, सासूबाई धरून. मुलगा दहावीला, अभ्यासाला बसतो तो गॅलरीत. गरज खोटी नव्हती.

काका जे सहज बोलून गेले, त्याला इस्लामी कायद्यात नाव आहे, शुफा. म्हणजे अग्रक्रयाचा हक्क. घर विकायचे तर आधी भागीदाराला विचारा, आणि हनफी पंथाच्या मते लागून असलेल्या शेजाऱ्यालाही. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, आमच्या पंथात हा हक्क भागीदारापुरताच. तरी शेजाऱ्याची ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. 'सही बुखारी'त ती येते. अबू राफे यांच्या दोन खोल्या साद इब्न अबी वक्कास यांच्या वाड्यात होत्या. त्यांनी त्या साद यांनाच देऊ केल्या. साद आधी नको म्हणाले. मिस्वर नावाचे सोबती शेजारी उभे होते, त्यांनी गळ घातली, तेव्हा साद म्हणाले की चार हजारांपेक्षा जास्त देणार नाही, आणि तेही हप्त्यांनी. अबू राफे यांना दुसरीकडून रोख पाचशे दिनार मिळत होते. त्या काळी दिनाराला साधारण दहा दिरहम धरत, म्हणजे सरळ हजाराचा तोटा. पण शेजाऱ्याचा हक्क जवळिकीमुळे जास्त, असे प्रेषितांकडून ऐकले होते म्हणून त्यांनी घर साद यांनाच दिले. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा शेजारच्या घराचा व्यवहार, त्यात घासाघीस आहे, हप्ते आहेत, मध्यस्थही आहे!

हा रिवाज फक्त मुसलमानांचा राहिला नाही. गुजरातेत सुरत, भडोच, गोधरा या भागांत तो हिंदूंमध्येही होता आणि न्यायालयांनी तो मानलाही. पुढे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने 'भाऊराम विरुद्ध बैजनाथ सिंह' या खटल्यात भागीदाराचा हक्क ठेवला, पण निव्वळ शेजारी म्हणून असलेला हक्क घटनेत बसत नाही असे ठरवले. कारण महत्त्वाचे आहे. न्यायालयाने म्हटले की अशा कायद्यांचा खरा हेतू परक्याला, म्हणजे वेगळ्या धर्माच्या, वंशाच्या, जातीच्या माणसाला वस्तीत येऊ न देणे हा होता, आणि राज्यघटना भेदभावाला मनाई करत असताना ते चालणार नाही.

मला तो निकाल पटतो, आणि त्याला कारण घरातलेच आहे. काकांनी विचारले त्याच रात्री तरावीहून परतल्यावर दीर फोनवर म्हणाले, "घेऊन टाका, नाहीतर कोण येईल कोण जाणे." वाक्य साधे आहे, प्रत्येक मजल्यावर बोलले जाते. पण वीस वर्षांपूर्वी ते 'कोण येईल कोण जाणे' आम्हीच होतो. डोंबिवली ते कल्याण दोन महिने फिरलो. घर आवडायचे, भाव जमायचा, मग आडनाव विचारले जायचे आणि घर 'आत्ताच गेले' व्हायचे. या इमारतीतही कुरबुर झाली होती. काका तेव्हा कमिटीत होते. त्यांनी आमचा अर्ज इतरांसारखा पुढे सरकवला, बस. भाषण केले नाही. पहिल्या रमजानला काकूंनी इफ्तारच्या वेळी दार वाजवून विचारले होते, "उपासाला साबुदाणा चालतो का हो तुमच्या?" तेव्हापासून दर रमजानमध्ये एक दिवस त्यांच्याकडची खिचडी येते आणि आमच्याकडून शीरखुर्मा जातो, सुके खोबरे जास्त घालून, कारण काकांना तसा आवडतो.

म्हणून शेजारचे घर घ्यायचे तर गरजेसाठी घ्यावे, दुसऱ्याला अडवण्यासाठी नाही, एवढे आमच्या घरात त्याच रात्री ठरले.

आता पैशांचे. हातातली पुंजी आणि दागिने धरूनही तीस लाख कमी पडत होते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी तीस लाख घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण २६ हजार रुपये. वीस वर्षांत परतफेड सुमारे साडेबासष्ट लाख. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हा हिशेब कुठल्याही धर्माच्या माणसाने एकदा कागदावर मांडावा. आमच्यापुढे शिवाय व्याजाचा, रिबाचा, प्रश्न होताच. युरोपातल्या उलेमांच्या फतवा परिषदेने १९९९ मध्ये तिकडच्या मुसलमानांना राहत्या घरासाठी बँकेचे कर्ज गरज म्हणून घ्यायची मुभा दिली. अनेक उलेमांना ती मान्य नाही. पण मुभा देणाऱ्यांनीही अट घातली होती की माणसाकडे पुरेसे दुसरे घर नसावे. दुसऱ्या घरासाठी ती वाट तिथेच बंद होते. 'पुरेसे' या शब्दावर आमच्याकडे दोन सहेऱ्या वाद झाला. मुलाचे म्हणणे, गॅलरी पुरेशी नाही. सासूबाईंचे म्हणणे, त्यांच्या माहेरी नऊ जण दोन खोल्यांत राहून शिकले. दिरांनी बिनव्याजी कर्ज, कर्जे-हसना, देऊ केले. पण त्यांच्या दोन मुलींची शिक्षणे पुढे आहेत, ते पैसे घ्यायला मन झाले नाही.

जकातीचा हिशेबही याच दिवसांत होतो. राहत्या घरावर जकात नाही. भाड्याने दिले तर शिल्लक राहिलेल्या भाड्यावर. पण भाव चढला की विकू, अशा नियतीने घर घेतले तर तो व्यापाराचा माल ठरतो आणि दरवर्षी बाजारभावाच्या अडीच टक्के निघतात, पन्नास लाखांच्या घरावर सव्वा लाख. विटा त्याच, नियत बदलली की हिशेब बदलतो. कुलूप लावून ठेवलेल्या घरांविषयी माझे मत कडक आहे. खालच्या मजल्यावर असे एक आहे, दहा वर्षे. पाइप गळतो, चावी परगावी. शेजारी म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

भिंतीबद्दल थोडे सांगते, कारण लोक तिथे घाई करतात. जुन्या आरसीसी इमारतीत भार कॉलम आणि बीमवर असतो. मधली विटांची भिंत अभियंत्याला दाखवून, सोसायटीची ना-हरकत आणि महापालिकेची परवानगी घेऊन उघडता येते. नव्या टॉवरमध्ये अनेकदा भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात आणि त्याच भार घेतात. तिथे हातोडा लावायचाच नाही. ठाकुर्लीकरांना हे वेगळे सांगायला नको. जुलै २०१५ मध्ये इथेच जुनी इमारत रात्री कोसळली आणि नऊ माणसे गेली. तीस वर्षे झालेल्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे, त्याचा अहवाल मागा. भोगवटा प्रमाणपत्र आणि बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन तपासा. नुसत्या रेरा क्रमांकावर विसंबू नका. बनावट कागदांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, त्यात राहणारी माणसे हप्ते भरतच होती. आणि हो, दोन फ्लॅट एक केले तरी देखभालीची बिले दोनच येतात. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. मुद्रांक शुल्क वेगळे, घर बाईच्या नावावर घेतले तर त्यात एक टक्का सवलत.

एकविसाव्या रोजाला आम्ही काकांना नाही म्हणून सांगितले. ते थोडे खट्टू झाले. काकू म्हणाल्या, "बरं झालं, भिंत राहिली." मुलासाठी गॅलरीला सरकती खिडकी बसवायचे ठरले आहे, ईदनंतर सुतार येईल. काकांनी एजंटला भाव सांगितला, आणि आलेल्या माणसाचे आडनाव आधी विचारायचे नाही, हेही सांगितले. ते मला काकूंकडून कळले.

ते दोघे आता पुण्याला आहेत, चावी आमच्याकडे. गिऱ्हाईक आले की मीच दार उघडते. परवा एक तरुण जोडपे आले होते, कडेवर बाळ. बाईने खिडक्या उघडून पाहिल्या, मग मला विचारले, पाणी किती वाजता येते? मी वेळ सांगितली, आणि शनिवारी जरा लवकर भरून ठेवा म्हटले.