अध्यक्ष बाहेरचा, कारखाना शेतकऱ्यांचा

प्रवरा सहकारी साखर कारखान्यासाठी लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले. अध्यक्षपदी मात्र त्यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बसवले आणि स्वतः उपाध्यक्ष राहिले. गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. शेतकऱ्यांचा विश्वास एकाकडे, अर्थशास्त्राची जाण दुसऱ्याकडे. आज अशी खुर्ची कोण सोडेल?

आणंदच्या दूध संघातही जोडीच होती: त्रिभुवनदास पटेल निवडून आलेले अध्यक्ष, तर व्हर्गीस कुरियन पगारी व्यवस्थापक. सभासदांची बाजू पटेलांनी सांभाळली, म्हणून कुरियन यांना डेअरीकडे लक्ष देता आले.

एकखांबी कारभारात निर्णय झटपट होतात, हे खरेच. पण नोकरभरती, खरेदी आणि उमेदवारीही एकाच माणसाच्या हातात गेली की दुसरी फळी उभीच राहत नाही. नेता गेला की संस्था डळमळते.

असा कारभार रोखणे सभासदांच्याच हाती असते. महाराष्ट्रात सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. सभेला जाण्याआधी लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या, वाचा.