कोयत्याआधीचा सातबारा

प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट नोव्हेंबर 2018 मध्ये आला, तेव्हा त्यावर मुख्य आक्षेप होता तो गुन्हेगारीच्या उदात्तीकरणाचा. हा आक्षेप हलका नाही. ‘अरारारा खतरनाक’ गाण्यात गुंडाचा रुबाब साजरा होतो, आणि थिएटरातल्या शिट्ट्या कोयत्याला पडतात की त्यामागच्या दुःखाला, हे दिग्दर्शकाच्या हातात उरत नाही. तरीही एवढ्यावर चित्रपट निकालात काढणे मला चुकीचे वाटते. ओम भूतकरचा राहुल सूडाने पेटतो, पण त्या सूडाची सुरुवात खुनापासून होत नाही. ती जमिनीच्या व्यवहारापासून होते. मोहन जोशींनी उभा केलेला बाप जमीन विकतो, पैसा संपतो आणि काल जमिनीचा मालक असलेला माणूस हमाली करू लागतो.

पुण्यातल्या खराडीत उभे राहून पाहिले, तर ही गोष्ट फक्त मुळशी तालुक्याची राहत नाही. मुळा-मुठेकाठच्या या एकेकाळच्या शेतीच्या गावात आज इऑनसारखी आयटी संकुले आणि उंच इमारती आहेत. जमीन विकलेला प्रत्येक जण गुन्हेगार झाला नाही, बरेच जण सावरले, हे खरेच. चित्रपटही तसा दावा करत नाही. तो विचारतो ते एवढेच, की पैसा आला पण काम गेले, तर तरुण पोराने करायचे काय? 2021 च्या ‘अंतिम’ या हिंदी रिमेकमध्ये सलमान खानचा पोलीस अधिकारी मोठा झाला आणि शेतकरी बाप मागे सरकला. हाणामारी तशीच राहिली, तिचे कारण मात्र पातळ झाले.