फराळाचे ताट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, देवापुढे फराळाचा नैवेद्य दाखविला, की मराठी घरांतून एक निराळीच वर्दळ सुरू होते. क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेली ताटे या दारातून त्या दारात जाऊ लागतात. दोन करंज्या, चार चकल्या, एखादा अनारसा, वाटीभर चिवडा. ज्या घरी ताट जाते त्या घरीही नेमके हेच पदार्थ डब्यांतून भरलेले असतात! व्यवहाराच्या हिशेबाने या देवघेवीला काहीच अर्थ नाही. आणि आमच्या मते तिचे मोल तेथेच आहे.

गृहस्थाला शास्त्राने पंचमहायज्ञ सांगितले, त्यांत मनुष्ययज्ञ आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ११७ वे सूक्त तर दानाच्याच स्तुतीचे असून एकट्याने खाणाऱ्याला त्यात पापी ठरविले आहे. आमच्या आज्यांनी ते सूक्त वाचलेले नव्हते. पण शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

खरे पाहता ताट निघण्यापूर्वी कितीतरी दिवस ही देवघेव चाललेली असते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, कुटून, चाळून, गुळात कालवून पीठ मुरत ठेवावयाचे. आणि एवढे करूनही पहिलाच अनारसा तुपात पडताच हसला, की शेजारच्या जाणत्या काकूंना हाक जाते. त्या येतात, पिठाला बोट लावून पाहतात आणि पुढचे दोन घाणे स्वतः तळूनच जातात. गिरगावातल्या चाळींत, पुण्याच्या वाड्यांत एकच सोऱ्या चार बिऱ्हाडांत फिरे. साखर रेशनवर मिळत असे त्या दिवसांत उसनी वाटी मागण्यात कमीपणा नव्हता, देणारीलाही मोठेपणा नव्हता. वाचनाचेही तेच. काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पुढे एकाने विकत घेतलेला अंक सगळा मजला वाचून काढी.

परंतु या रीतीची खरी कसोटी दुखवट्याच्या घरी लागते. वर्षाच्या आत ज्या घरचे माणूस गेले, तेथे अनेक कुटुंबांत कढई चढवीत नाहीत. कंदील लागत नाही, मुले दारात उभी राहून इतरांचे फटाके पाहतात. अशा घरी शेजारची ताटे सर्वांत आधी पोचतात. नेणारी बाई फार बोलत नाही. ताट ठेवते, घटकाभर टेकते, लहानग्याच्या हातावर लाडू ठेवते. परतीच्या फराळाची अपेक्षा तेथे कोणीही ठेवीत नाही. ‘आम्ही सण करणार नाही’ असे म्हणणाऱ्या घरातही त्या दिवशी चकलीचा तुकडा मोडला जातो, आणि मोडणाऱ्याला अपराधी वाटत नाही.

आता फराळ पुष्कळ घरी विकतचा येतो. त्याबद्दल आम्ही नाक मुरडणार नाही. नोकरी करून आलेल्या गृहिणीने रात्री बारापर्यंत करंज्या लाटाव्यात असे म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः लाटणे हाती घ्यावे. खंत आहे ती वेगळी. फराळाचे सुबक डबे परदेशी रवाना होतात, दूरच्या परिचितांकडे जातात, आणि समोरच्या बंद दारामागे यंदा कंदील का नाही, हे मात्र कित्येकदा भाऊबीज उलटल्यावर कळते. विकतचा चिवडाही ताटलीत काढून समोर नेता येतो. घंटा वाजविण्याचा संकोच तेवढा ओलांडावा लागतो.

भांड्यांवर नावे घालून घेण्याची आपल्याकडची पद्धत याच फिरतीतून दृढ झाली असावी. जुन्या घराचा माळा उपसताना एखादी पितळी ताटली हाती लागते. तिच्यावरचे नाव आपल्या घरातल्या कोणाचेच नसते. शेजारी केव्हाच जागा सोडून गेलेले असतात. ताटली रिकामी कशी पाठवावी, या विचारात ती द्यावयाची राहून गेलेली असते.